वॅट आणि मिलिमीटर

घरच्या लाकूडकामासाठी टेबल सॉ शोधायला निघालेल्या माणसाची पहिली गाठ पडते ती खोक्याशी. खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेले असतात वॅट. त्याखाली मिनिटाला किती फेरे, मग पात्याचा व्यास, आणि कोपऱ्यात कुठेतरी ‘हेवी ड्यूटी’. दुकानदार याच क्रमाने बोलतो आणि गिऱ्हाईकही याच क्रमाने तुलना करतं: तेवढ्याच पैशांत तिकडे दोनशे वॅट जास्त मिळताहेत, मग तिकडचाच घेऊ. हे आकडे खोटे असतात असं नाही. पण ते अशा भागाचे आकडे आहेत, जो आज स्वस्तात बनतो आणि स्वस्तातल्या यंत्रातही बऱ्यापैकी चालतो. करवत कामाची की निकामी हे ज्या दोन-तीन भागांवर ठरतं, त्यांच्याबद्दल खोक्यावर अवाक्षर नसतं. टेबल सॉ परवडतो का, याचा हिशेब वॅटमध्ये न मांडता मिलिमीटरमध्ये मांडावा, असं माझं म्हणणं आहे. तसा तो मांडला तर बाजारातल्या सगळ्यात स्वस्त करवती महागात पडणाऱ्या निघतात, आणि काहींच्या बाबतीत टेबल सॉ न घेणंच शहाणपणाचं ठरतं.

हे यंत्र करतं काय, ते आधी पाहू. हातात धरून चालवायच्या सर्क्युलर सॉमध्ये लाकूड जागेवर असतं आणि यंत्र पुढे सरकतं. टेबल सॉचं उलट आहे. पातं टेबलाच्या फटीतून वर आलेलं असतं, ते जागच्या जागी फिरतं, आणि माणूस फळी त्याच्यावर ढकलतो. त्यामुळे काप सरळ जाईल की वाकडा, हे पात्याच्या हाती राहत नाही. ते ठरवतो टेबलावर पात्याला समांतर बसवलेला, डावी-उजवीकडे सरकवून घट्ट करता येणारा फेन्स, ज्याला बरेच मिस्त्री गाइड म्हणतात. फळीची कड गाइडला टेकवून ढकलली की गाइड आणि पातं यांच्यामधलं अंतर हीच तुकड्याची रुंदी. टेबल सॉ हे मुळात एक माप न हलता धरून ठेवण्याचं यंत्र आहे. एकाच रुंदीच्या वीस पट्ट्या काढायच्या असतील तर विसावी पट्टी पहिलीइतकीच भरली पाहिजे, मधल्या वेळात चहा पिऊन आलं तरी. साध्या करवतीने आणि रंध्याने हे साधणारे सुतार आहेत. पण ते कसब हातात मुरायला वर्षं लागतात. रविवारी दोन तास काम करणाऱ्या हौशी माणसाकडे ती वर्षं नसतात, आणि म्हणूनच तो यंत्राकडे वळतो. तेव्हा जे यंत्र माप धरत नाही, ते कितीही जोरात कापत असलं तरी ज्यासाठी घेतलं ते काम त्याच्याने होत नाही.

एखाद्या मिलिमीटरने काय बिघडतं, असं कुणी विचारेल. खणांच्या पेटीत बिघडतं. आज बहुतेक ड्रॉवर टेलिस्कोपिक चॅनलवर चालतात, आणि बाजूला बसणाऱ्या नेहमीच्या चॅनलला दोन्हीकडे १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा-अर्धा इंच जागा लागते. ही जागा एखाद मिलिमीटरने कमी पडली की खण अडकतो, जास्त झाली की चॅनल डुगडुगतं. आता पेटीची वरची आणि खालची फळी एकाच मापाची कापायची आहे. गाइड एकदा लावला, पण घट्ट केल्यावरही हाताच्या दाबाने त्याचं लांबचं टोक थोडं सरकतं. मग वरची फळी एक मिलिमीटर आखूड निघते, पेटी वर अरुंद आणि खाली रुंद होते, खालचा खण नीट चालतो आणि वरचा अडतो. ही चूक नंतर रंध्याने, पॉलिशने किंवा फेविकॉलने सुधारत नाही. प्लायवूडचा तो तुकडा वाया जातो. चांगल्या प्लायवूडचे आजचे भाव पाहता असे पाच-सात तुकडे वाया गेले की स्वस्त करवतीत वाचवलेले पैसे तिथेच संपतात. अमेरिकेत याचा एक बोलका पुरावा आहे. १९३९ साली डेल्टा कंपनीने युनिसॉ नावाची करवत आणली. पातं तिरकं करण्याची सोय तिच्यात होती, आणि तिची ठेवण पुढच्या कितीतरी कारखानदारांनी उचलली. या जातीच्या जड करवती दशकानुदशकं चालल्या. पण अनेकांनी त्यांच्यावरचा मूळ फेन्स काढून बीझमायर कंपनीचा टी-आकाराचा फेन्स वेगळे पैसे मोजून बसवला. त्याला इतकी मागणी आली की पुढे ते नाव डेल्टाच्याच घरात गेलं. मोटार चांगली असलेल्या यंत्रावरही माणसं फक्त गाइडसाठी पुन्हा खर्च करत होती, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

इथवर प्रश्न नीटनेटकेपणाचा होता. पण या यंत्रात नेमका तोच भाग बोटांचाही राखणदार आहे, आणि माझ्या म्हणण्याचा खरा भार इथे आहे. फिरत्या पात्याचे आपल्या बाजूचे दात खाली जातात आणि लाकूड टेबलावर दाबून धरतात. मागच्या बाजूचे दात मात्र टेबलातून वर येत असतात. कापून पुढे गेलेली फळी या मागच्या दातांना चिकटली की ते तिला उचलतात आणि समोर उभ्या माणसाच्या अंगावर फेकतात. याला किकबॅक म्हणतात. २५४ मिलिमीटरचं, म्हणजे दहा इंची पातं मिनिटाला ४८०० फेरे घेत असेल तर त्याच्या दातांचा वेग सेकंदाला सुमारे ६४ मीटर होतो; ताशी २३० किलोमीटर. त्या वेगाने आलेली फळी पोटात बसते, आणि तिच्या झटक्याने तिच्यावर ठेवलेला हात पात्यावर ओढला जाऊ शकतो. फळी मागच्या दातांना का चिकटते? एक तर गाइड समांतर नसतो: मागच्या टोकाला तो पात्याकडे किंचित झुकलेला असतो, आणि फळी पुढे जाता जाता त्या दोघांच्या मध्ये पाचरीसारखी अडकते. नाहीतर लाकूडच दगा देतं. नीट न वाळलेल्या किंवा आतून ताण असलेल्या फळीत काप पडला की त्या कापाच्या दोन्ही कडा एकमेकींकडे मिटू लागतात आणि पात्याला चिमटा घेतात. पहिल्या कारणावर उपाय म्हणजे खरा गाइड. दुसऱ्यावर उपाय म्हणजे रायव्हिंग नाइफ: पात्याच्या लगेच मागे उभी असलेली, पात्याबरोबरच वर-खाली आणि तिरकी होणारी पोलादी पट्टी, जी कापाच्या कडा मिटू देत नाही.

हा रायव्हिंग नाइफ साधासुधा दिसतो, पण त्यालाही मिलिमीटर कळावे लागतात. त्याची जाडी पात्याच्या चकतीपेक्षा जास्त आणि दातांनी केलेल्या कापापेक्षा कमी हवी. २.२ मिलिमीटर जाडीच्या नाइफसमोर २ मिलिमीटरचा काप करणारं पातळ पातं लावलं तर फळी नाइफवर अडते, आणि मग माणूस वैतागून नाइफच काढून टाकतो. चांगल्या करवतीत नाइफवरच त्याची जाडी कोरलेली असते आणि कोणती पाती चालतील तेही लिहिलेलं असतं. ही काही नव्या जमान्याची किंवा परदेशी लोकांची नाजूक भीती नव्हे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ मध्ये यंत्रांना संरक्षक आडोसे घालण्याची सक्ती होती, आणि त्याखाली राज्यांनी केलेल्या नियमांत लाकूडकामाच्या यंत्रांसाठी वेगळी अनुसूची होती. गोल करवतीच्या मागे, पात्याच्या रेषेत रायव्हिंग नाइफ असावा, पात्यावर आवरण असावं आणि लाकूड पुढे सारायला काठी हाताशी ठेवावी, हे तिथे लिहिलेलं होतं. घरच्या गच्चीवर किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात कारखान्यांचा कायदा येत नाही. पण कारखान्यातल्या रोज काम करणाऱ्या सराईत कामगाराला जे लागतं, ते महिन्यातून चार वेळा करवत सुरू करणाऱ्याला लागत नाही, असं म्हणायला काहीच आधार नाही.

आता मोटारीकडे येऊ, कारण ‘मग वॅट काहीच महत्त्वाचे नाहीत का?’ हा प्रश्न रास्त आहे. महत्त्वाचे आहेत, पण एका मर्यादेपर्यंत, आणि ती मर्यादा घरकामात लवकर येते. शिवाय ज्या आकड्यावर एवढी घासाघीस होते, तो सरळ तुलनेचा नाहीच. छोट्या, उचलून नेता येणाऱ्या करवतींत कार्बन ब्रशची युनिव्हर्सल मोटार असते, आणि तिच्यावरचे १८०० वॅट म्हणजे ती वीज किती ओढते त्याचा आकडा. पात्यापर्यंत त्यातला एक हिस्साच पोचतो, बाकीची उष्णता आणि आवाज होतो. जड करवतींतल्या इंडक्शन मोटारीवर दीड एचपी लिहिलेलं असतं, ते मात्र दांड्यावर मिळणाऱ्या शक्तीचं माप आहे. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट; त्या हिशेबाने दीड एचपी म्हणजे १११९ वॅट. कागदावर हे १८०० पेक्षा बरेच कमी दिसतात, पण प्रत्यक्षात ती मोटार मागे पडत नाही आणि दिवसभर न तापता चालते. बरं, शक्ती थोडी कमी पडलीच तर काय होतं? फळी जरा हळू ढकलावी लागते. सागाच्या दोन इंची फळीला चिरताना आवाज बदलतो, कडेला जळल्याचा डाग पडतो, तो रंध्याने निघतो. आणि उभं चिरायला ऐंशी दातांच्या पात्याऐवजी चोवीस दातांचं चांगलं टीसीटी (टंगस्टन कार्बाइडची टोकं बसवलेलं) पातं लावलं तर त्याच मोटारीला नवी ताकद आल्यासारखं वाटतं. हा सगळ्यात स्वस्त सुधार आहे. मोटारीच्या उणिवेवर असे दोन-तीन उतारे आहेत. लवचीक गाइडवर किंवा वाकलेल्या टेबलावर एकही नाही. जाता जाता: १८०० वॅट म्हणजे २३० व्होल्टवर जवळपास आठ अँपिअर. दिव्या-पंख्याच्या सहा अँपिअरच्या सॉकेटवर किंवा बारीक वायरच्या एक्स्टेन्शनवर ही करवत चालवू नये, आणि तिच्यासाठी सोळा अँपिअरचा पॉइंट ओढायचा खर्चही यंत्राच्या किमतीत धरावा.

या सगळ्यावर सर्वांत वजनदार आक्षेप आपल्या डोळ्यांसमोर रोज काम करत असतो. कुठल्याही नव्या इमारतीत फर्निचरचं काम चालू असेल तिथे जा. प्लायवूडच्या तुकड्यांचं टेबल, त्याखाली उलटा स्क्रूने आवळलेला मार्बल कटर, वर आलेलं चार इंची पातं, आणि गाइड म्हणून सी-क्लॅम्पने धरलेली एक सरळ पट्टी. दोन-तीन हजारांच्या या जुगाडावर मिस्त्री अख्खं मॉड्युलर किचन उभं करतो, आणि खण अडत नाहीत. मग हौशी माणसाने हजारोंचा फेन्स कशाला घ्यावा? हा युक्तिवाद मला उडवून लावता येत नाही, कारण त्यातली वस्तुस्थिती खरी आहे. पण तो नीट पाहिला तर माझ्याच बाजूने बोलतो. मिस्त्री प्रत्येक वेळी पट्टीचं अंतर दोन्ही टोकांना टेपने मोजतो, गुण्या लावतो, एक तुकडा कापून पुन्हा मोजतो. जे माप यंत्र धरत नाही, ते त्याचा हात आणि डोळा धरतात. यंत्रातली उणीव तो सरावाने भरून काढतो, आणि हौशी माणसाकडे नेमका तोच सराव नसतो. दुसरं असं की मार्बल कटर दगड-फरशीसाठी बनलेला आहे. तो मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतो, त्यामुळे पातं छोटं असूनही दातांचा वेग दहा इंची करवतीइतकाच, किंबहुना थोडा अधिक पडतो. रायव्हिंग नाइफ नाही, वर आवरण नाही, बटण टेबलाखाली अडवून कायम चालू ठेवलेलं. म्हणजे हात गेलाच तर यंत्र बंद करायला खाली वाकून चाचपडायचं किंवा प्लग उपटायचा. मिस्त्री हे पत्करतो कारण साइट रोज बदलते, अवजारं खांद्यावर न्यायची असतात आणि मजुरीत याहून मोठं यंत्र बसत नाही. तो त्याचा नाइलाज आहे. ज्याला पोटासाठी लाकूड कापायचं नाही, त्याने तो नाइलाज आवड म्हणून अंगावर घेण्यात मला काही कौतुकाचं दिसत नाही.

दुसरा आक्षेप जुन्या वर्कशॉपमधून येतो. आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणारं रंधा आणि गोल करवत एकत्र असलेलं, पट्ट्यावर चालणारं ओतीव लोखंडाचं यंत्र: इंडक्शन मोटार, टिकाऊ, कुठलाही फिटर दुरुस्त करील असं. ब्रँडच्या ॲल्युमिनियमच्या करवतीच्या पैशांत हे मिळत असेल तर तेच का नको? वजनाबद्दलचा मुद्दा मला मान्य आहे. जड टेबल कंप पावत नाही, आणि कंप नसला की काप स्वच्छ येतो. ज्याच्याकडे तळमजल्यावर कायमची जागा आहे आणि लोखंडकाम करणारा ओळखीचा आहे, त्याने हे यंत्र जरूर पाहावं. पण यातल्या बहुतेकांवर गाइड म्हणजे एक अँगल आणि दोन बोल्ट, रायव्हिंग नाइफ नाही, पट्ट्याला आवरण नाही. हे सगळं बसवून घेता येतं. ते बसवून घ्यायचा खर्च आणि त्यासाठी लागणारं ज्ञान हेही किमतीत धरलं की फरक बराच कमी होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तर हा पर्याय उरतच नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो, आणि त्यापुढे मी निम्मी माघार घेतो. अनेक शहरांत प्लायवूडचा व्यापारी किंवा जवळचा कारखाना पॅनल सॉवर, म्हणजे अख्ख्या शीट कापायच्या मोठ्या करवतीवर, हव्या त्या मापाचे तुकडे पैसे घेऊन कापून देतो. ते काप घरच्या कुठल्याही करवतीपेक्षा सरळ असतात. आठ बाय चारचा अठरा मिलिमीटरचा प्लाय साधारण तीसेक किलोचा असतो, एमडीएफ त्याहून जड. आणि वीस-पंचवीस किलोच्या छोट्या करवतीवर तो एकट्याने ढकलणं म्हणजे करवतच कलंडवणं. मोठ्या शीटचे मोठे तुकडे करायला टेबल सॉ घेऊ नये, हे मी नुसतं मान्य करत नाही, आग्रहाने सांगेन. ते काम व्यापाऱ्याकडे करून घ्यावं, नाहीतर शीट जमिनीवर थर्माकोलवर ठेवून हातातल्या सर्क्युलर सॉने, सरळ पट्टी क्लॅम्प करून करावं. ज्याचं सगळं काम एवढंच आहे, त्याला टेबल सॉची गरज नाही. पण घरकामात मोठे तुकडे थोडे आणि अरुंद पट्ट्या फार असतात: प्लायच्या कडेला लावायच्या सागाच्या लिपिंग पट्ट्या, फोटोच्या चौकटी, खणांच्या बाजू, जुन्या दाराच्या चौकटीतून वाचवलेल्या सागाचे तुकडे. हे कुठलाही व्यापारी कापून देत नाही, आणि हातातल्या सर्क्युलर सॉखाली दोन इंची पट्टी नीट धरताही येत नाही. टेबल सॉचं खरं क्षेत्र हे आहे.

हे क्षेत्र एकदा ओळखलं की मोठ्या यंत्राचा हव्यास आपोआप गळतो. किचनच्या पेटीची आणि कपाटाची खोली साधारण ६०० मिलिमीटरच्या आत असते. तेव्हा गाइड पात्यापासून ६०० मिलिमीटर दूर जात असेल तर पुरे. पात्याचंही तसंच. दहा इंची पातं सरळ उभं असताना सुमारे ८० मिलिमीटर जाडीचं लाकूड कापतं, २१० मिलिमीटरचं साधारण ६५. घरी अडीच इंचाहून जाड लाकूड कितीदा चिरायचं असतं? डीवॉल्टच्या २१० मिलिमीटरच्या छोट्या करवतीत गाइड पुढे-मागे दोन्हीकडे दातेरी पट्टीवर एकाच वेळी सरकतो, त्यामुळे समांतर राहतो. मला ही तडजोड दहा इंची पातं आणि डुगडुगता गाइड यापेक्षा कितीतरी बरी वाटते. लहान पात्याची एकच अडचण आपल्या बाजारात जाणवते: त्या व्यासाची आणि योग्य भोकाची पाती दहा इंचीइतकी सहज मिळत नाहीत. काही करवतींना मधलं भोक ३० मिलिमीटरचं लागतं, काहींना २५.४ चं. यंत्र घेण्याआधी पात्यांच्या दुकानात विचारून घ्यावं.

अमेरिकेतल्या सॉस्टॉपचं काय, असंही कुणी विचारेल. भौतिकशास्त्र शिकलेले पेटंट-वकील स्टीफन गॅस यांना १९९९ मध्ये सुचलेली ही युक्ती, आणि २००४ पासून त्यांची करवत विकली जाते. पात्यातून क्षीण विद्युत संकेत जात असतो. त्वचा लागली की तो बदलतो, आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसून काही मिलिसेकंदांत त्याला थांबवतो. ठोकळा आणि पातं दोन्ही नवं घ्यावं लागतं, बोटावर ओरखडा येतो. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या अंदाजाने तिथे वर्षाला ३०,००० हून अधिक माणसं टेबल सॉच्या जखमा घेऊन इस्पितळात जातात आणि ४,००० च्या आसपास अंगच्छेदाच्या जखमा होतात. हे आकडे पाहता या शोधाला नावं ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण २०२१ मध्ये आलेली त्यांची सगळ्यात छोटी करवतही तिथे नऊशे डॉलरच्या घरात होती, आणि ही यंत्रणा त्वचेच्या स्पर्शावर चालते. फळी अंगावर फेकली जाण्यावर नाही. तिच्या मालकालाही रायव्हिंग नाइफ आणि खरा गाइड लागतोच. ज्याला ती परवडते त्याने घ्यावी. ज्याला परवडत नाही त्याने ‘ते नाही तर काहीच नको’ असं म्हणून नाइफही काढून ठेवू नये.

आवाज आणि भुसा यांबद्दल थोडक्यात. युनिव्हर्सल मोटारीची करवत शंभर डेसिबलच्या आसपास ओरडते, आणि २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ ठेवली आहे. शेजारी चांगले असले तरी त्यांच्या दुपारच्या झोपेची वेळ टाळून काम करावं. कानात प्लग, डोळ्यांवर चष्मा. लाकडाचा भुसा १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरला आहे. म्हणून करवतीला व्हॅक्यूम जोडायची नळी आहे का ते पाहावं, आणि बंद खोलीत एमडीएफ कापू नये.

आता दुकानात काय करायचं ते. सोबत एक चांगली पोलादी पट्टी आणि एक गुण्या न्यावा. प्लग काढलेला असताना गाइड लावून घट्ट करावा आणि त्याच्या लांबच्या टोकाला अंगठ्याने जोर देऊन पाहावा. सरकला तर पुढे बोलण्यासारखं काही नाही. मग टेबलात पात्याला समांतर कोरलेल्या खाचेपासून गाइडचं अंतर पुढे आणि मागे मोजावं. पात्याच्या एका दाताला पेन्सिलने खूण करून तो पुढे असताना खाचेपासूनचं अंतर घ्यावं, पातं हाताने फिरवून तोच दात मागे आणून पुन्हा घ्यावं. फरक असेल तर तो नीट करायचे बोल्ट त्या यंत्रात आहेत का, हे माहितीपुस्तिकेत पाहावं. पातं धरून हलवावं, बेअरिंगमध्ये खडखड नको. पोलादी पट्टी टेबलावर तिरकी ठेवून खालून उजेड येतो का पाहावा. रायव्हिंग नाइफ पात्याबरोबर उतरतो का, आणि त्यावरची जाडी तिथल्या पात्याशी जुळते का, हे विचारावं. या सगळ्याला पंधरा मिनिटं लागतात. खोकं उघडून एवढं पाहू द्यायला जो दुकानदार तयार नसेल, त्याच्याकडून टेबल सॉ घेऊ नका, मग तो कितीही वॅट देत असो. आणि तुमच्या रकमेत या परीक्षेला उतरणारी एकही करवत बसत नसेल तर सध्या एक बरी सर्क्युलर सॉ, दोन क्लॅम्प आणि एक सरळ ॲल्युमिनियमची पट्टी घ्या, आणि उरलेले पैसे बाजूला ठेवा.